घारापुरीत उभं कुठे राहायचं

घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला, जायचं ठरलं की मुंबईकर आधी वार बघतो. सोमवारी लेणी बंद, तेवढा वार टाळला की त्याचं नियोजन संपतं. कॅलेंडरात वाराखाली बारीक अक्षरांत छापलेली तिथी मात्र कोणी बघत नाही, आणि बेटाचा दिवस खरा तिच्यावर चालतो.

कोळीवाड्यांतला हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा: सकाळी सहाच्या सुमाराला भरती, संध्याकाळी सहा-साडेसहाला पुन्हा भरती, मधे दुपारी बारा-साडेबाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारी समुद्र काठोकाठ आणि संध्याकाळी परतायच्या वेळी पाणी खाली. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्ध्या तासाची चूक धरून चालायचं, पण सहलीला एवढं पुरतं. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ही चढउतार बरीच कमी. घारापुरीसाठी षष्ठी ते नवमी हे दिवस चांगले. लाँच लागते तेव्हा किंवा त्यानंतर थोड्याच वेळात चिखल उघडा पडतो, आणि परतताना धक्क्याला पाणी भरपूर असतं. उधाणाच्या दिवशी ओहोटीला लाँचमध्ये चढायची वेळ आली, तर एरवी पाण्याखाली असणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरावं लागतं. आजी-आजोबा बरोबर असले की दिवसभराची मजा त्या दोन पायऱ्यांवर जाते.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बेट हिरवंगार असतं आणि लेण्यांच्या तोंडावरून पाण्याच्या धारा पडतात, पण समुद्र खवळला की लाँच बंद. सकाळी गेटवेवर जाऊन परत फिरायची तयारी असेल तरच तो बेत करावा.

गेटवेवरून पहिली लाँच नऊच्या सुमाराला सुटते. पहिलीच पकडायची. साडेदहा-अकराच्या लाँचमधून जे येतात ते सगळे बाराच्या सुमाराला लेण्यात एकदम शिरतात, आणि मग त्या काळोखात शिट्ट्या, हाका आणि सेल्फी यांचंच राज्य. तिकीट परतीचं असतं. वरच्या डेकसाठी लाँचवाले आणखी थोडे पैसे घेतात. ते द्यावेत, खाली डिझेलचा वास आणि खिडकीएवढाच समुद्र. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं बुडाली, त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. उकडतं म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारे आजही दिसतात. पट्टे बांधून अंगात घालायचं, नुसतं गळ्यात अडकवायचं नाही. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली राहतो.

जाताना डावीकडे बसावं. ऊन समोरून आणि उजवीकडून येतं, आणि बघण्यासारखं बरंचसं डावीकडे असतं: आधी नौदलाच्या गोदीतल्या राखाडी युद्धनौका, मग जवाहर द्वीप, म्हणजे जुनं बुचर आयलंड, जिथे तेलाची जहाजं रिकामी होतात. पलीकडे उत्तरेला क्षितिजावर अटल सेतूची लांबलचक रेघ. बेट जवळ येतं तेव्हा त्याच्यामागे न्हावा-शेव्याच्या बंदराच्या क्रेन माना उंचावून उभ्या दिसतात. त्यांच्याकडे बघून लक्षात येतं की आपण मुंबई सोडलेली आहे. गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटर, तासाभराचा प्रवास, पण घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. मुंबईच्या प्रत्येक सहलपत्रिकेत असलेलं हे बेट कागदोपत्री मुंबईचं नाहीच.

लाँच शेतबंदराला लागते. लांब धक्क्यावरून पायथ्यापर्यंत एक खेळण्यातली आगगाडी धावते. मुलं ऐकणार नाहीत, त्यांना येताना बसवावं. जाताना मात्र चालावं, कारण तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, धक्क्याच्या दोन्ही अंगांना आहेत आणि गाडीतून ती नुसती हिरवी दिसतात.

ओहोटी असेल तर कठड्याला टेकून दहा मिनिटं एकाच जागी थांबायचं. चिखलातून पेन्सिलीएवढी टोकं हजारांनी वर आलेली दिसतात, ती तिवराची श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. याच मुळांवर प्लास्टिकच्या पिशव्या येऊन बसल्या की झाड गुदमरतं. तिवराच्या पानाची खालची बाजू फिकी असते. पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण शोषलेलं जास्तीचं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं. दोन मिनिटं हालचाल केली नाही की चिखल जिवंत होतो. निवट्या, म्हणजे चिखलावर पुढच्या परांच्या आधाराने सरपटणारे ते बटबटीत डोळ्यांचे मासे, बिळांतून बाहेर येतात. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे ती नांगी वरखाली हलवत राहतात. कोणी पाऊल आपटलं की सगळं क्षणात गडप. गटातला एखादा हटकून पाऊल आपटतो. मग पुन्हा दोन मिनिटं.

पायथ्याशी ग्रामपंचायतीचा किरकोळ कर भरायचा, आणि तिथल्याच एखाद्या घरगुती खाणावळीत जेवण सांगून वर जायचं. मांदेली, बोंबील, कोळंबी, तांदळाची भाकरी. आधी सांगितलं तर ताजं मिळतं, ऐनवेळी गेलात तर पनीर मसाल्यावर भागवावं लागतं. वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, डोक्यावर निळी ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही, पण उकाडा अडकून राहतो. गुडघे धरलेल्यांसाठी डोली मिळते. भाव पायथ्याशीच आणि जाऊन-येऊन असा ठरवावा. खरेदी उतरताना. चढताना घेतलेली दगडी हत्तीची जोडी दिवसभर आपणच वागवायची असते, आणि संध्याकाळी भावही उतरलेला असतो.

माकडांबद्दल एकच सांगणं: हातात काही धरू नका. खाऊची पिशवी तर ती ओढतातच, सरबताची बाटलीही हिसकतात आणि झाकण व्यवस्थित फिरवून पितात. बाटली सॅकच्या आत, चेन लावून. बाजूच्या जाळीच्या खिशात ठेवलेली बाटली त्यांचीच समजायची.

वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट, भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. फाटकापाशी वाटाडे भेटतात. त्यांच्यातला जाणकार ओळखायची एक युक्ती आहे. सहज विचारायचं, आतली ती मोठी तीन तोंडांची मूर्ती कोणाची? ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढे जावं.

पहिलं लेणं दारातूनच बघून ‘हं, मोठं आहे’ म्हणणारे पुष्कळ. दोष त्यांचा नसतो, डोळ्यांचा असतो. भर उन्हातून आत आलं की पाच मिनिटं काळोखाशिवाय काही दिसत नाही, नीट दिसायला दहा मिनिटं तरी लागतात. नेमक्या त्याच दहा मिनिटांत वाटाडे सगळी माहिती सांगून टाकतात. म्हणून शिरल्यावर आधी उत्तरेच्या ओसरीतच थांबायचं. डावीकडे योगीश्वर, कमळावर ध्यानस्थ. उजवीकडे नटराज, आठ हातांचा, पाय गुडघ्यांपासून तुटलेले, तरीही कंबरेच्या एका वळणावर सगळं नृत्य उभं. एकाच देवाचं टोकाचं स्थैर्य आणि टोकाची गती उंबऱ्यावरच समोरासमोर मांडलेली आहे. दोन्ही पाहीपर्यंत डोळे सरावतात.

मग खांब बघायचे. खालून चौकोनी, वर गोलाकार आणि उभ्या पन्हळींचे, माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा गोल. छताला टेकू म्हणून हे खांब कोणी आणून लावलेले नाहीत. काळ्या पाषाणाचा सलग डोंगर बाहेरून आत पोखरत नेला आणि जो दगड काढला नाही तो खांब झाला. छत आधी, जमीन शेवटी, त्यामुळे वर पोचायला परांच्या बांधाव्या लागल्या नाहीत. चूक झाली तर मात्र दुरुस्ती नाही, तुटलेलं नाक परत चिकटत नाही. बारकाईने पाहिलं तर दोन खांब तंतोतंत सारखे नाहीत, ओळीही सुताने मोजल्यासारख्या सरळ नाहीत. काही खांब मुळात कोसळले होते, ते नंतर बांधून काढलेले. रंगाची सफाई आणि कडांचा धारदारपणा बघून ते ओळखायला मुलांना सांगा, पंधरा मिनिटं शांततेत जातात.

आता उभं कुठे राहायचं. या लेण्यात दोन रेषा एकमेकींना छेदतात. उत्तरेच्या दारातून सरळ समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सदाशिव, म्हणजे तीच ती तीन तोंडांची मूर्ती. पूर्वेच्या अंगणातून सरळ पश्चिमेकडे लिंगाचं गर्भगृह, चारी बाजूंना दारं आणि प्रत्येक दाराशी दोन असे आठ द्वारपाल. आपण आलो ते उत्तरेकडून, पण पूजेची रेषा पूर्व-पश्चिम आहे. म्हणून सदाशिवाकडे धावत सुटायचं नाही. आधी डावीकडे पूर्वेच्या कडेला जाऊन तिथून गर्भगृहाकडे तोंड करून उभं राहायचं. खांबांच्या दोन रांगा, टोकाला उघडं दार, आत लिंग, आणि दाराशी माणसाच्या दुपटीहून उंच पहारेकरी. लेणं कशासाठी कोरलं ते इथे कळतं.

सदाशिवासमोर बहुतेक लोक कठड्याला चिकटून उभे राहतात, मान वर करून. तिथून हनुवट्या दिसतात. मूर्ती अठरा-वीस फुटांची, तीही फक्त छातीपर्यंतची. तिच्यापासून दोन खांब मागे, मधल्या वाटेवर उभं राहिलं की तिन्ही मुखं एका नजरेत बसतात आणि मधल्या मुखाच्या खाली वळलेल्या पापण्या आपल्यावर येऊन थांबतात. हे मधलं मुख तत्पुरुष, डाव्या हातात महाळुंगाचं फळ. आपल्या डावीकडचं अघोर: मिशी, कपाळावर आठी, हातात नाग. आपल्या उजवीकडचं वामदेव, स्त्रीरूप, हातात कमळ, केसांत मोती. शिवाची मुखं पाच. चौथं मागे खडकात, पाचवं वर, ही दोन दिसत नाहीत. त्रिमूर्ती हे नाव इतकं रुजलंय की शाळेच्या सहलीत ते दुरुस्त करायला गेलं तर शिक्षकच रागावतात, पण तीनही तोंडं एकट्या शिवाची आहेत.

उजेडाचं गणित इथे कामी येतं. दक्षिणेची भिंत असल्याने मूर्तीवर थेट ऊन कधीच पडत नाही. उत्तरेच्या दारातून येणारा उजेड समोरून आणि मंद, शिवाय सकाळी पूर्वेच्या अंगणातून, दुपारनंतर पश्चिमेच्या अंगणातून तिरपा उजेड सरकतो. म्हणून हे लेणं दिवसात दोनदा बघायचं: एकदा आल्या आल्या, एकदा परतताना अडीच-तीनला. एकच आवार असल्याने दुसरं तिकीट लागत नाही. फ्लॅश मारला की सगळे बारकावे सपाट होतात. फोन खांबाला टेकवून, फ्लॅश बंद करून फोटो घ्यावा.

सदाशिवाच्या दोन्ही बाजूंच्या शिल्पांत मराठी प्रेक्षक रमतो, कारण गोष्टी घरच्या आहेत. डावीकडे अर्धनारी. उभी मूर्ती एकच, पण उजवा अर्धा शिव नंदीवर रेललेला, डावा अर्धा पार्वतीचा, हातात आरसा. दोन बाजूंना कंबर वेगळी, केस वेगळे, आणि तरी मधे सांधा सापडत नाही. उजवीकडे गंगाधर. वरून गंगा तीन तोंडांनी उतरतेय, खाली भगीरथ हात जोडून, आणि शेजारची पार्वती किंचित दूर झुकलेली. सवत डोक्यावर येऊन बसतेय म्हटल्यावर दुसरं काय करणार.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातलं लग्न मात्र चुकवू नये, गर्भगृहाच्या मागे असल्याने निम्मे गट तिकडे जातच नाहीत. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे. वधू लग्न लागेपर्यंत उजवीकडे असते आणि लागल्यावर डावीकडे येते, ही आपल्याकडची रीत. म्हणजे लग्न अजून लागायचं आहे. भटजी म्हणून खाली ब्रह्मदेव बसलाय. या शिल्पाच्या बाजूने पार्वतीचा चेहरा पाहावा, समोरून नाही: किंचित खाली गेलेली हनुवटी बाजूनेच दिसते. आणि मागे वळलं की त्याच पश्चिमेच्या कडेला अंधकासुराचा वध, सुळे बाहेर काढलेला, गजचर्म पांघरलेला शिव. लग्नाच्या मांडवासमोर संहार. पूर्वेच्या बाजूला तशीच जोडी: कैलासावर शिव-पार्वती, आणि समोर तोच कैलास गदागदा हलवणारा रावण. रावणाची आपल्याकडे पाठ आहे आणि तीही बरीच झिजलेली, म्हणून तो कोण हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

एवढी मोडतोड कोणी केली, हा प्रश्न इथे हमखास येतो. पोर्तुगीज १५३४ मध्ये इथे आले, त्यांच्या सैनिकांनी मूर्तींवर नेमबाजी केली असं सांगितलं जातं. पण दोष त्यांच्या एकट्यांच्या माथी मारू नये. डोंगरातून झिरपणारं पाणी आणि खारी हवा यांनी पायथ्यापासून मूर्ती खाल्ल्या आहेत, म्हणून पाय आधी गेले. पोर्तुगीजांचं खरं नुकसान वेगळंच: दारावरचा शिलालेख काढून त्यांनी आपल्या राजाकडे पाठवला, आणि तो हरवला. त्यामुळे हे लेणं कोणी कोरवलं याचा वाद आजही चालू आहे. सहाव्या शतकाच्या मध्याचा काळ आणि कलचुरी राजघराण्याचं नाव बहुतेक अभ्यासक पुढे करतात, कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली हा त्यातला एक पुरावा. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेलं ते मात्र निर्विवाद.

दोन ते पाच क्रमांकांची लेणी अर्ध्या तासात होतात. अर्धवट, पडझड झालेली, पण सुनी. पहिल्या लेण्यातली गर्दी ओसरेपर्यंत तिकडे फिरावं. तिथून वरच्या टेकाडावर ब्रिटिशांच्या दोन तोफा आहेत, वीस मिनिटांची चढण. बारा ते तीन सावली नाही, टोपी आणि लिटरभर पाणी हवंच. वरून मुंबई धुरकट दिसते, न्हावा-शेवा स्पष्ट. पूर्वेच्या टेकडीवर दरीपलीकडे सीताबाईचं देऊळ म्हणतात ते सहावं लेणं आहे, आणि त्याच टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष. घारापुरी फक्त शिवाची समजणाऱ्यांना स्तूपाचं नाव काढलं की आश्चर्य वाटतं. वाट झाडीतली, पुसट. गावातला माणूस बरोबर घ्यावा आणि दीड तास हाताशी असेल तरच निघावं.

जेवण झालं की तासभर उरतो, तो गावाला द्यावा. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर, तीन वस्त्या, मिळून हजार-बाराशे माणसं. मुंबईचा झगमगाट रोज रात्री समोर दिसायचा, पण इथे वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर, मग कंदील. डोक्यावर हंडे घेऊन फोटोला उभ्या राहणाऱ्या बायका पैसे मागतात म्हणून कुरकुर करू नये. फोटो काढायचा तर द्यावेत, नाहीतर फोटो काढू नये. चिंचा, बोरं, कैरीच्या फोडी विकणाऱ्या बायकांकडून काहीतरी घ्यावं. माकडांमुळे ते तिथल्या तिथे संपवावं लागतं, हा त्यातला फायदा.

पर्यटकाला बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे शेवटच्या लाँचची वेळ उतरल्या उतरल्या धक्क्यावर विचारून ठेवावी, साधारण पाच-साडेपाच. शेवटच्या लाँचवर विसंबू नये, तिच्या आधीची धरावी. परतताना उजवीकडे सावली असते, पण दुपारनंतर वायव्येचा वारा सुटलेला असतो आणि पाण्याचे तुषार त्याच बाजूने येतात. सावली हवी की कोरडे कपडे, ते आपलं आपण ठरवावं. कॅमेरा मात्र पिशवीत.

एक गोष्ट बेटावर सापडत नाही. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो दगडी हत्ती. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा बेत झाला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी, राणीबागेच्या आवारात तो आजही आहे. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावरचे सांधे दिसतात. घारापुरी सोमवारी बंद असते, राणीबाग बुधवारी.